धावताना कुशीत येणारी कळ

शालेय क्रीडास्पर्धांच्या तयारीत धावता धावता एखादे मूल कूस दाबून मध्येच थांबते. पुष्कळदा तो आळस समजला जातो. वस्तुतः ही वेदना खरी असते व मोठ्यांपेक्षा मुलांत ती अधिक आढळते.

तिच्या कारणाविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. पोटाच्या आतील आवरणास घर्षण होऊन ती उद्भवत असावी, असे आज अनेकजण मानतात. भरल्या पोटी अथवा गोड सरबत पिऊन धावल्यास ती अधिक संभवते.

यास्तव शाळेतील खिचडीनंतर निदान दोन तास शर्यत, खो-खो वा लंगडी ठेवू नये. धावण्याचा सराव सकाळी, ऊन चढण्यापूर्वी घ्यावा. पाणी बंद करू नये. थोडे थोडे द्यावे. प्रथम चालणे, नंतर मंद धावणे व शेवटी वेग, असा क्रम राखावा. कळ आल्यास मुलास थांबवून, किंचित पुढे वाकवून, दुखरी जागा दाबून दीर्घ श्वास घ्यावयास सांगावे. बहुधा काही मिनिटांत ती ओसरते.

विश्रांतीनंतरही न थांबणारी, अथवा छातीत वा हातापायांत होणारी वेदना मात्र निराळी समजावी. यवतमाळसह विदर्भात सिकलसेल आजार आढळतो; अतिश्रमाने व शरीरातील पाणी कमी झाल्याने त्याच्या वेदना बळावतात. अशा मुलास धावावयास न लावता, पाणी देऊन, पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

शिक्षकबंधुभगिनींनी तक्रार करणाऱ्या मुलास रागावण्यापूर्वी वेदना कोठे व केव्हा होते, हे अवश्य विचारावे.