आवाज आकड्यांत कसा मावतो?

गावातील एखाद्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या, निवृत्त गिरणी कामगाराच्या आठवणी, परिसरातील पक्ष्यांचे आवाज किंवा स्नेहसंमेलनातील नाटुकले नोंदवून ठेवायचे, तर शाळेला आता वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. मोबाइल फोन पुरतो. पण नंतर ऐकायला बसले की कधी आवाज फाटलेला असतो, कधी शब्दांपेक्षा पंख्याची घरघरच जास्त ऐकू येते. मग कोणीतरी म्हणते, ‘असू द्या, संगणकावर नीट करता येईल.’

खरोखर करता येते का? काही दोष नंतर सुधारता येतात, काही मात्र जगातल्या कोणत्याही संगणकाला सुधारता येत नाहीत. असे का, हे समजण्यासाठी डिजिटल मुद्रणात नेमके काय घडते ते पाहू.

खाचेपासून आकड्यापर्यंत

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील जलद चढउतार. मायक्रोफोनचा पडदा या चढउतारांबरोबर हलतो आणि तशाच चढउतारांचा विद्युत्प्रवाह निर्माण होतो. हा चढउतार जसाच्या तसा दुसऱ्या एखाद्या वस्तूवर उमटवणे ही मुद्रणाची जुनी पद्धत. एडिसनच्या १८७७ सालच्या फोनोग्राफमध्ये तो कथिलाच्या पातळ पत्र्यावर खाचेच्या रूपाने उमटत असे, ध्वनिफितीवर तो चुंबकत्वाच्या कमीअधिक प्रमाणात उमटतो. या पद्धतीला ॲनालॉग म्हणतात. तिची अडचण अशी, की खाच झिजली किंवा फीत खराब झाली की आवाजही बिघडतो. शिवाय प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी थोडी खरखर वाढत जाते.

अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली, पॅरिसमध्ये काम करत असताना, वेगळाच मार्ग सुचवला. आवाजाचा आकार उमटवण्याऐवजी त्याची उंची ठरावीक काळाने मोजायची आणि ते आकडे पाठवायचे. आकडे पुसट झाले तरी वाचता येतात तोवर पुन्हा स्वच्छ लिहिता येतात. दहाव्या प्रतीतला ७ हा पहिल्या प्रतीतल्या ७ इतकाच असतो. त्या काळातील निर्वात नळ्यांवर ही कल्पना व्यवहारात आणणे फार खर्चाचे होते. ट्रान्झिस्टर आणि नंतर एकात्मिक मंडले आल्यावर ती रुळली. आज आपल्या फोनमध्ये हेच घडते.

म्हणजे डिजिटल मुद्रण ही मोजमापांची एक लांबलचक वही आहे. मोजमाप म्हटले की दोन प्रश्न येतात: किती वेळा मोजायचे आणि किती बारकाईने मोजायचे?

किती वेळा?

समजा, शाळेत तापमानाची नोंद रोज सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ वाजता होते. वर्षभराच्या नोंदी पाहून कोणी म्हणेल, या गावी कधी कडक ऊन पडतच नाही. मोजणारा चुकला नाही, तापमापकही बरोबर आहे. फक्त मोजमापे इतकी विरळ आहेत, की दुपार त्यांच्यामधून निसटली.

आवाजाच्या बाबतीत याचा नेमका नियम आहे. नोंदवायच्या आवाजातील सर्वांत जलद कंपनांची जी वारंवारता असेल, तिच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला मोजले पाहिजे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली तारसंदेशांच्या संदर्भात या विचाराचा पाया घातला. क्लॉड शॅनन यांच्या १९४९ सालच्या निबंधामुळे तो सर्वत्र माहीत झाला. या नियमात एक आश्चर्य दडलेले आहे. मोजमापे पुरेशी दाट असतील, तर दोन मोजमापांच्या मधला आवाज अंदाजाने भरावा लागत नाही. तो त्या आकड्यांवरून पूर्णपणे ठरतो. ‘डिजिटल आवाज म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा आवाज’ ही समजूत म्हणूनच बरोबर नाही.

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. म्हणजे सेकंदाला ४०,००० पेक्षा थोडी जास्त मोजमापे हवीत. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ४४,१०० हा आकडा ठरला होता. तो असा विचित्र का? त्या वेळी इतके आकडे भराभर साठवायला सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओ टेपरेकॉर्डर. युरोपीय पद्धतीच्या चित्रफितीत सेकंदाला ५० अर्धचित्रे असत. प्रत्येक अर्धचित्राच्या २९४ ओळी वापरून दर ओळीत ३ मोजमापे ठेवली, की ५० × २९४ × ३ = ४४,१००. अमेरिका व जपानमधील पद्धतीत ६० अर्धचित्रे आणि २४५ ओळी धरल्या, की ६० × २४५ × ३ म्हणजे पुन्हा ४४,१००! दोन्हीकडच्या यंत्रांना चालणारा आकडा म्हणून तो स्वीकारला गेला.

मोजमापे कमी पडली तर काय होते? सूक्ष्म आवाज केवळ निसटतात असे नाही, ते वेष पालटून परत येतात. पंख्याच्या एका पात्यावर खूण करा आणि कल्पना करा, की आपण ठरावीक काळानेच डोळे उघडतो. दोन वेळा डोळे उघडण्याच्या मधल्या काळात पंखा ७/८ फेरा पुढे गेला, तर आपल्याला तो १/८ फेरा मागे आल्यासारखा वाटेल. सिनेमात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, ती याच कारणाने. आवाजातही तेच घडते. सेकंदाला ८,००० वेळा मोजताना ७,००० हर्ट्झचा सूर आला, तर आकड्यांत तो १,००० हर्ट्झचा होऊन बसतो. एकदा तो तसा लिहिला गेला, की खऱ्या १,००० हर्ट्झपासून त्याला वेगळे करता येत नाही. म्हणून मुद्रणयंत्रात मोजणी होण्याच्या आधीच जास्त वारंवारतेचे आवाज गाळून टाकणारी चाळणी बसवलेली असते. चाळणी आधी लागते, नंतर लावून उपयोग नाही.

किती बारकाईने?

दुसरा प्रश्न पट्टीवरच्या खुणांचा. फक्त सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने पेन्सिलीची जाडी मोजता येणार नाही. मिलिमीटरच्या खुणा हव्यात. डिजिटल मुद्रणात या खुणांची संख्या बिटवर अवलंबून असते. ८ बिट म्हणजे २५६ खुणा, १६ बिट म्हणजे ६५,५३६ आणि २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६.

खरी उंची दोन खुणांच्या मध्ये आली, तर जवळच्या खुणेचा आकडा लिहिला जातो. ही छोटीशी तफावत आपल्याला बारीक खरखरीच्या रूपाने ऐकू येते. एक बिट वाढवला की खुणा दुप्पट होतात आणि खरखर सुमारे ६ डेसिबलने खाली जाते. त्यामुळे १६ बिटमध्ये सर्वांत मोठा आवाज आणि ही खरखर यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते. बोलणे किंवा गाणे नोंदवायला एवढे अंतर भरपूर आहे.

आता जागेचा हिशेब करू. सीडीच्या मापाने दोन्ही बाजूंचा, म्हणजे स्टिरिओ आवाज घेतला, तर ४४,१०० × १६ × २ म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. ८ बिटांचा एक बाइट धरला, तर एका मिनिटाला सुमारे १ कोटी ६ लाख बाइट लागतात. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेण्याजोगा आहे.

पट्टीच्या वर गेलेला आवाज

पट्टीला टोक असते. १६ बिटच्या पट्टीचे वरचे टोक ३२,७६७ आणि खालचे टोक उणे ३२,७६८. समजा, आजींनी ओवीचा शेवट जोरात म्हटला आणि आवाजाच्या खऱ्या उंची अशा होत्या: ३०,०००, ३६,०००, ४१,०००, ३७,०००, २९,०००. यंत्र लिहील: ३०,०००; ३२,७६७; ३२,७६७; ३२,७६७; २९,०००. डोंगराचे शिखर कापून सपाट पठार झाले. कानाला हाच ‘फाटलेला’ आवाज वाटतो.

आता उलटे करून पाहा. नुसते ३२,७६७ हे तीन आकडे समोर ठेवून मूळचे ३६,०००, ४१,००० आणि ३७,००० ओळखता येतील का? नाही. तिथे कोणतेही तीन मोठे आकडे असू शकले असते. आवाजाची पातळी नंतर कमी केली, तर पठार खाली येईल, पण शिखर परत येणार नाही. संगणकाचे प्रोग्राम तिथे अंदाजाने शिखर रंगवतात, पण ते आजींचे नसते.

मंद आवाजाचे तसे नाही. तो नंतर वाढवता येतो. त्याबरोबर खरखर वाढते, पण आकार शाबूत राहतो. म्हणून नियम सोपा आहे: पातळी थोडी कमी ठेवा. पातळीदर्शकावर वरचे टोक शून्य डेसिबल असते. सर्वांत मोठा आवाज उणे १२ च्या आसपास राहिला, तर तो पट्टीच्या साधारण एक-चतुर्थांश उंचीवर असतो आणि अचानक चढलेल्या सुराला वर जागा उरते.

चित्राचा हिशेब

चित्रमुद्रणातही हेच दोन प्रश्न आहेत. चित्र ठिपक्यांत मोजले जाते आणि प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे लिहिले जातात. १,९२० × १,०८० ठिपके, प्रत्येकी ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला १५ कोटी ५५ लाख बाइट होतात. तासाभराच्या कार्यक्रमाला सुमारे ५६० गिगाबाइट! फोनवरची प्रत्यक्ष फाइल मात्र साधारणतः सेकंदाला २० लाख बाइटच्या आसपास असते. बाकीचे गेले कुठे?

ते दाबून कमी केलेले असते. व्यासपीठाचा पडदा हलत नसेल, तर तो दर चित्रात पुन्हा लिहायची गरज नाही. फक्त बदल लिहायचा. शिवाय चित्राचे छोटे चौकोन करून प्रत्येकातील ठळक चढउतार ठेवायचे आणि डोळ्याला जाणवणार नाहीत इतके बारीक चढउतार गाळायचे. या कामी येणारी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही गणिती रीत बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केली. आवाजाच्या एमपी-थ्री फाइलमध्ये याच रीतीचा एक सुधारित प्रकार वापरतात.

दाबलेली फाइल पाहायला, ऐकायला उत्तमच असते. पण गाळलेले कायमचे जाते, आणि फाइल दुरुस्त करून पुन्हा दाबून साठवली की दर वेळी आणखी थोडे गळते. जपून ठेवायच्या मूळ प्रतीसाठी म्हणूनच न दाबलेला ‘वेव्ह’ हा प्रकार निवडावा. जुन्या ध्वनिफितींचे डिजिटल रूप करताना किमान ४८,००० मोजमापे आणि २४ बिट घ्यावेत, अशी ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे.

वर्गात करून पाहा

१. पूर्ण वेगात फिरणाऱ्या छताच्या पंख्याचे फोनवर चित्रण करा. पाती हळू किंवा उलटी फिरताना दिसतात का?

२. एकच वाक्य फोनपासून एक वीत, दोन वीत आणि चार वीत अंतरावरून त्याच आवाजात बोला आणि ऐका. अंतर निम्मे केले की बोलण्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, पण पंख्याची घरघर आहे तेवढीच राहते. नको असलेला आवाज कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जवळ जाणे. पंखा बंद करता आला तर अधिक चांगले.

३. आलेखकागदावर एक वक्र काढा. एका गटाने तो दर सेंटिमीटरला, दुसऱ्याने दर ५ मिलिमीटरला मोजून फक्त आकड्यांची यादी तिसऱ्या गटाला द्यावी. तिसऱ्या गटाने वक्र पुन्हा काढावा. कुठे फसगत होते ते मुले स्वतःच सांगतील.

जपायचे काय?

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. शब्द वहीत उतरवता येतात. पण गळ्यातली चाल, मध्येच घेतलेला श्वास, जात्याच्या घरघरीशी जुळलेली लय वहीत उतरत नाही. ती मुद्रणातच राहते, आणि तीही मोजताना जेवढी पकडली तेवढीच. पिठाची गिरणी गावोगाव पोचल्याला आता अनेक दशके झाली. दळताना ओव्या म्हटलेल्या बाया आज बहुतेक सत्तरीपलीकडच्या आहेत.

म्हणून मुलांना मुद्रणाला पाठवण्यापूर्वी एवढे जरूर सांगावे: आधी त्यांची परवानगी घ्या, अर्ध्या मिनिटाची चाचणी करून कानाला लावून ऐका, पातळी टोकाला लागत नाही ना, ते पाहा, सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख बोलून नोंदवा. घरी आल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि काटछाट करायची ती प्रतीवर करा. डिजिटल प्रत झिजत नाही हे खरे, पण फोन हरवला तर सगळेच आकडे एकदम जातात.