मुलाला दम्याचा झटका आला तर...

थंडीत राज्यातील सर्वांत कमी तापमानाची बातमी आली की निफाडचे नाव बहुधा असतेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेला आहे. अशी कोरडी, गार हवा दमेकरी मुलांच्या श्वासनलिका आवळते. फजरच्या सुमारास मुलाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो आणि घर घाबरून जाते.

अशा वेळी कुणीतरी म्हणते, "पंप नको, सवय लागेल." हा गैरसमज जीवावर बेतू शकतो. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात सहसा १०० मायक्रोग्रॅम औषध असते. याच औषधाची २ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २० फवारे! शिवाय पंपाचे औषध थेट फुफ्फुसात पोहोचून काही मिनिटांत नलिका मोकळ्या करते.

झटका आला तर असे करा :

• मुलाला ताठ बसवा, आडवे करू नका. कपडे सैल करा. स्वतः शांत राहा.

• झटक्यासाठी दिलेला पंप (सहसा निळा) हलवून स्पेसरला लावा. लहान मुलाला मास्कही लावा. एक फवारा, मग ४ श्वास. असे ४ फवारे द्या. डॉक्टरांनी वेगळी मात्रा लिहून दिली असेल तर तीच द्या.

• ४ मिनिटे थांबा. आराम नसेल तर पुन्हा ४ फवारे द्या.

• तरीही आराम नसेल तर १०८ ला फोन करा. मदत येईपर्यंत दर ४ मिनिटांनी ४ फवारे देत राहा.

मुलाला वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात किंवा मूल गळून जाते, तर वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करा आणि फवारे सुरू ठेवा. मूल दमलेले असताना शिट्टीचा आवाज एकाएकी थांबला, तर ते बरे झाल्याचे नव्हे, धोक्याचे लक्षण आहे. काढा, मध, वाफ यांत वेळ घालवू नका.

झटका ओसरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रोजचा पंप दिला असेल तर तो मनाने बंद करू नका. लोबान, अगरबत्ती, चूल आणि विडी-सिगारेटचा धूर, कांद्याच्या टरफलांची धूळ यांपासून मुलाला दूर ठेवा. पंप कुठे आहे हे दादीपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सर्वांना ठाऊक असू द्या.

दुआ जरूर करा, पण आधी पंप हातात घ्या.