रोजा सोपा, इफ्तार अवघड

दिवसभर अन्नपाण्यावाचून राहायचं म्हणजे केवढं कठीण, असं रोजा न ठेवणाऱ्यांना वाटतं. रोजेदाराला विचारलं तर तो सांगेल, पहिले तीन-चार दिवस जड जातात, मग शरीराला सवय होते. पण काही रोजेदारांची खरी परीक्षा मगरिबच्या अजानीनंतर सुरू होते. दस्तरखानावर समोसे, कीमा-पाव, नान, हलीम, मालपुवा मांडलेले असतात, आग्रह करणारी आपलीच माणसं असतात आणि यातलं जवळपास काहीच खाता येत नाही. कारण त्यांना गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही किंवा वजन कमी करायचंय म्हणून टाळतात, असं नव्हे. चिमूटभर गहूसुद्धा त्यांच्या आतड्याला इजा करतो. या आजाराचं नाव सिलिअ‍ॅक डिसीज.

खाल्लेलं अंगी लागत नाही

गहू, जव म्हणजे सातू आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो या प्रथिनामुळेच. आपल्या लहान आतड्याच्या आत बोटांसारखे अगदी बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने ग्लुटेन खाल्लं की शरीराची प्रतिकारशक्ती या उंचवट्यांवरच उलटते आणि ते हळूहळू सपाट होतात. मग माणूस कितीही खाल्लं तरी आतून उपाशीच राहतो.

जगभरात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, असं मानलं जातं. मुलांमध्ये वारंवार जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची अशी लक्षणं दिसतात. मोठ्यांमध्ये अनेकदा पोटाची काही तक्रारच नसते. गोळ्या घेऊनही न हटणारा अ‍ॅनिमिया, तोंडात सारखे येणारे फोड, ठिसूळ हाडं, सतत थकवा एवढंच असतं. त्यामुळे निदान वर्षानुवर्षं लांबतं.

गव्हाशी असलेलं हे नातं एका दुष्काळामुळे ठळक झालं. विलेम डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45च्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला. आजूबाजूचे लोक भुकेले असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. 1950 मध्ये त्यांनी प्रबंधातून तो मांडला. आजही या आजारावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लुटेनमुक्त खाणं, हाच एक इलाज.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. शंका आली म्हणून स्वतःच गहू बंद करू नका. रक्ताची अँटीबॉडी चाचणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा यांवरून निदान होतं. गहू आधीच सोडलेला असेल तर या तपासण्या चुकीचा दिलासा देऊ शकतात. आधी डॉक्टर, मग पथ्य.

‘एक निवाले से क्या होता है?’

माझ्या ओळखीच्या एका घरात बारावीतल्या मुलीला हे निदान झालं. त्याआधी पाच वर्षं ती लोहाच्या गोळ्या घेत होती. घरात कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे अभ्यासाचा ताण. गहू सुटला आणि सहा महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मग रमजान आला. खालाच्या घरी इफ्तारची दावत होती. खालाने स्वतःच्या हाताने केलेल्या हलीमचा चमचा तिच्या तोंडापाशी नेला आणि म्हणाली, “एक निवाले से क्या होता है, बेटा? अल्लाह का नाम लेके खा ले.” मुलीने नाही म्हटल्यावर खालाचा चेहरा उतरला. रात्री घरी अम्मीने मुलीला समजावलं की, पुढच्या वेळी गुपचूप थोडं खा, पण चारचौघांत नाही म्हणू नकोस. आणि हा आजार कुणाला सांगूही नकोस, उद्या रिश्ते येतील तेव्हा लोक काय म्हणतील?

या अम्मीला दोष देऊन चालणार नाही. मुलीच्या लग्नाची काळजी आपल्याकडे खोटी नसते. पण लपवलेला आजार सासरच्या स्वयंपाकघरात आणखी कठीण होतो. नव्या सुनेने पहिल्याच महिन्यात चपाती नाकारली तर तिला नखरेल ठरवतात आणि निमूट खाल्ली तर ती आजारी पडते. आधी सांगून ठरलेलं लग्नच तिच्या ताटाला आधार देऊ शकतं. शिवाय हा आजार संसर्गाने होत नाही. पथ्य नीट पाळलं तर माणूस निरोगी आयुष्य जगतो, बाळंतपणही सुखरूप होऊ शकतं. हे मोठ्याने बोललं गेलं पाहिजे.

दस्तरखानावर नाही म्हणणं म्हणजे अन्नाचा अपमान, ही समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. प्रत्यक्षात हदीसमध्ये येतं ते असं की, पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी कधी अन्नाला नावं ठेवली नाहीत. रुचलं ते खाल्लं, नाही ते बाजूला ठेवलं. म्हणजे दोष न काढता एखादा पदार्थ सोडून देणं हाही दस्तरखानाचा अदबच आहे. दर्ग्यावर किंवा नियाजला मिळणारा मलिदा गव्हाचा असतो. तो दोन्ही हातांनी घ्यावा आणि शेजारच्याला द्यावा. तबर्रुकचा मान राहतो आणि पोटही सांभाळलं जातं.

रोजा ठेवावा का?

कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजे फर्ज केल्याचं जिथे येतं, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सवलतही दिलेली आहे. त्यांनी सुटलेले रोजे नंतर भरून काढावेत. ज्यांना ते कधीच झेपणार नाही त्यांच्यासाठी फिद्या, म्हणजे गरिबाला जेवू घालणं. ही सवलत घेणं म्हणजे ईमान कमी पडणं नव्हे.

सिलिअ‍ॅक असलेला, पण पथ्यावर स्थिरावलेला माणूस डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे ठेवू शकतो. मात्र निदान नुकतंच झालेलं आहे, वजन घटलंय, हिमोग्लोबिन खाली आहे, अशा वेळी शरीराला भरून येण्यासाठी काही महिने द्यावेत. टाइप वन मधुमेह असलेल्यांत सिलिअ‍ॅकचं प्रमाण जास्त आढळतं. त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा ठेवूच नये.

गहू दिसत नाही तिथेही असतो

चपाती, पाव, नान, शेवया, रवा, दलिया, खारी, टोस्ट हे उघड शत्रू. फसवतात ते दुसरेच. हलीम आणि खिचड्यात गहू शिजून एकजीव झालेला असतो. निहारीचा रस्सा दाट करायला कणीक लावतात. कबाब मऊ पडले की पावाचा चुरा जातो. बाजारातल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. सहरीला मुलांना दुधातून देतात त्या पावडरीत माल्ट असेल तर तो जवाचा असतो. सुन्नत म्हणून अनेक घरांत होणारा तलबीनाही जवाचाच. भजी बेसनाची असली तरी ज्या तेलात समोसे तळले त्याच तेलात ती तळली, तर तीही बाद.

गिरणी ही आणखी एक जागा. आपल्याकडे बायका गिरणीवाल्याला बजावतात, “माझे गहू बाजरीवर दळू नका.” इथे उलट आहे, गव्हावर ज्वारी दळली की दगडात अडकलेलं पीठ ज्वारीत उतरतं. मूठभर धान्य टाकून गिरणी साफ केल्याने हे भागत नाही. परवडत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. चार-पाच घरांनी मिळून घेतली तरी चालेल. घरात परात, चाळणी, पोळपाट-लाटणं, तवा वेगळा ठेवावा. पाकीटबंद वस्तू घेताना ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलंय का ते पाहावं. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे अशा पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये.

महागड्या पाकिटांची गरज नाही

ग्लुटेनमुक्त म्हणून विकली जाणारी पिठं आणि बिस्किटं साध्या कणकेच्या कित्येक पट महाग असतात. रेशनवर मिळणारा गहू या माणसाच्या ताटात येत नाही, त्यामुळे गरीब घराला हा आजार दुप्पट भारी पडतो. सुदैवाने आपण महाराष्ट्रात राहतो. सोलापूर-मंगळवेढ्याची ज्वारी, खानदेशातला कळणा, नगरकडची बाजरी, कोकणातला तांदूळ आणि नाचणी, यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नाही.

सहरीला ज्वारीची भाकरी, दही आणि अंडं खाल्लं तर दुपारपर्यंत भूक लागत नाही. बाजरीतून लोह मिळतं, नाचणीतून कॅल्शियम, आणि या रुग्णांना नेमकं हेच कमी पडत असतं. नुसत्या भात-बटाट्यावर महिना काढला तर पोट भरतं, पण अशक्तपणा जात नाही.

दुसरा आधार शेजारच्या घरातून येतो. आषाढी, महाशिवरात्रीच्या उपवासाला चालणारे भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ, यात गहू नसतो. हिंदू शेजाऱ्यांच्या उपवासाच्या फराळावर एखादा रोजेदार सहरी करतो, तेव्हा एकाच किराणा दुकानातून दोन धर्मांचे उपवास निभावतात. फक्त ही पिठं सुटी न घेता, गव्हाजवळ न दळलेली घ्यावीत.

इफ्तारला खजूर, फळं, उकडलेले चणे, दहीवडे बिनधोक चालतात. वड्यांच्या मसाल्यातला हिंग तेवढा तपासावा. हलीमची ओढ लागली तर गव्हाऐवजी ज्वारीच्या कण्या घ्याव्यात. त्या रात्रभर भिजवून मटण, चणाडाळ आणि तांदळाबरोबर मंद आचेवर घोटल्या तर खिचडा छान जमून येतो. वरून तळलेला कांदा, पुदिना आणि लिंबू. नान-खलियातला खलिया घरी केला तर भाकरीबरोबरही तितकाच रंगतो. गोडात फिरनी आहेच, ती तांदळाचीच असते.

ईद आणि फित्रा

ईदच्या सकाळी शीरखुर्मा नसेल तर ईद कसली, असं वाटणं साहजिक आहे. पण या शब्दाकडे जरा पाहा. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावात शेवई कुठेच नाही. आटवलेलं दूध, खारीक, चारोळी, बदाम आणि तांदळाच्या शेवया घातल्या तर तोही शीरखुर्माच. कोकणात तांदळाच्या शिरवळ्या नारळाच्या दुधात खातात, ती वाट तर पिढ्यांपासून मळलेली आहे.

हीच मोकळीक फित्र्यातही दिसते. हनफी घरांत फित्रा बहुधा गव्हाच्या हिशेबाने काढतात, पण खजूर, मनुका किंवा जव यांच्या हिशेबानेही तो देता येतो. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई आहेत, तिथे तो मुख्य धान्यात, म्हणजे तांदळात काढायची रीत आहे. गहू हा धर्माचा भाग नाही, आपल्या सवयीचा भाग आहे.

म्हणून या महिन्यात दावत देणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. बोलावताना विचारा, “तुम्हाला काही चालत नाही असं आहे का?” कुणी गहू म्हणालं तर कारणं मागू नका. एक पातेलं वेगळं ठेवा, त्याचा चमचा वेगळा ठेवा आणि समोसे तळण्याआधी त्यांच्यासाठीची भजी ताज्या तेलात तळून घ्या. रोजेदाराला इफ्तार घडवण्याचं सवाब आपण सगळेच कमवू पाहतो. त्याला बाधणार नाही असं ताट पुढे ठेवलं, तरच तो इफ्तार खरा.