जुळी वासरे आणि एक खरा सौदा

पावसाळ्याचे दिवस, फजरची वेळ. अब्बा वजू करून उठले आणि गोठ्यातून हंबरण्याचा आवाज आला. आम्ही बॅटरी घेऊन धावलो. आमची संकरित गाय व्याली होती. गोऱ्ह्याचे नाक-तोंड पुसत असतानाच ती पुन्हा कळा देऊ लागली. अर्ध्या तासात दुसरे वासरू आले. ती कालवड होती. गायींच्या शंभर वेतांमागे जुळी होतात ती एक ते पाच. "बरकत आली हो घरात!" म्हणत शेजारणी जमल्या आणि खरवसाची मागणीही झाली.

अम्मी म्हणाली, "आधी ज्यांचा हक्क आहे ते पितील." ते खरेच आहे. माणसाच्या बाळाला रोगांशी लढण्याची ताकद आईच्या पोटातच काही प्रमाणात मिळते. वासराला ती फक्त चिकातून मिळते, आणि पहिल्या २४ तासांनंतर त्याचे आतडे ती घेऊ शकत नाही. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा. दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे २० किलोच्या वासराला दोन लिटर. जुळी वासरे अशक्त असतात. कालवडीला उभेच राहता येईना, तिला बाटलीने पाजले. खरवस शेजारी गेला, पण दोन दिवसांनी.

जुळ्यांच्या वेळी जार अडकण्याचा धोका जास्त असतो. बारा तासांत तो पडला नाही, तेव्हा न ओढता आम्ही डॉक्टरांना बोलावले. गाय बरी झाली. जाताना डॉक्टर म्हणाले, "गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुधा गाभण राहणार नाही."

आम्हाला हे नवीनच होते. पोटात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि रक्त एक होते. नराच्या संप्रेरकांमुळे मादीचे गर्भाशय नीट वाढत नाही. अशा दहा कालवडींपैकी साधारण नऊ वांझ निघतात. दोन्ही कालवडी असतील तर ही भीती नाही.

वर्षभरात कालवड देखणी झाली. बाहेरून काहीच कळत नव्हते, पण तपासणीत डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरले. त्याच सुमारास एक गिऱ्हाईक दारात आले. चांगली किंमत सांगून इसार द्यायलाही तयार झाले. घरात धाकटीच्या कॉलेजची फी भरायची होती. चाचा हळूच म्हणाले, "त्यांनी विचारलेच नाही, तर आपण कशाला सांगायचे?"

अब्बांनी इसाराचे पैसे परत त्यांच्या हातात ठेवले. "भाऊ, ही जुळ्यातली आहे. हिला वासरू होणार नाही." गिऱ्हाईक थोडा वेळ कालवडीकडे बघत राहिले आणि निघून गेले. चाचा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. फी आम्ही हातउसने घेऊन भरली.

मालातला ऐब लपवून विकू नये, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. त्या दिवशी आमच्या मुलांनी ते गोठ्यात पाहिले.

कालवड अजून आमच्याकडेच आहे. दूध देत नाही, चारा मात्र भरपूर खाते. तिचे शेण शेताला जाते. तुमच्या गोठ्यात जुळी जन्मली, तर आनंद जरूर करा. पण नर-मादी असतील तर कालवडीची तपासणी करून घ्या, आणि विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला आधी सांगा.