नदीचे स्वामी की आप्त?

उधना येथील यंत्रमागांवर राबणारा खानदेशी कामगार आणि सुरतेची तापी यांची वाट एकच. दोघेही खानदेशातून पश्चिमेकडे आलेले. या नदीशी माणसाचे नाते कोणते मानावे?

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली लिहिले की, ज्ञानाच्या बळावर मनुष्य निसर्गाचा जणू स्वामीच होऊ शकेल. त्याच शतकात देहूच्या तुकोबांनी झाडावेलींना आप्त मानले.

१९६८ साली सुरतेने तापीचा महापूर पाहिला. त्या वेळी बांधले जात असलेले उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. शेतीला पाणी मिळाले, वीज मिळाली, पुराचे भय ओसरले. आणि वस्ती नदीच्या अगदी अंगाशी सरकली. ऑगस्ट २००६ मध्ये भरत आलेल्या धरणातून पाणी सोडावे लागले आणि शहराचा मोठा भाग बुडाला.

मग धरण बांधणेच चुकले काय? तसे नव्हे. चुकला तो स्वामित्वाचा भ्रम. आप्ताचा स्वभाव आपण ओळखून असतो, त्याची जागा बळकावीत नाही. नदीला पसरण्यापुरती जागा राखणे, हाच तुकोबांच्या दृष्टीचा व्यवहारातील अर्थ होय. ज्ञान देकार्तचे घ्यावे. नाते मात्र तुकोबांचे असावे.