एक कळ, चार नावे

सीमाभागातील गावांची नावे दर दप्तरात निराळी असतात, हे आपल्या कुटुंबांना नवे नाही. घरात आपण 'बेळगाव' म्हणतो. जुन्या छपाईत तेच अनुस्वारासह 'बेळगांव' आढळते. इंग्रजी अमदानीत 'बेलगाम' रूढ झाले. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' हे शासकीय नाव झाले. निपाणीचे इंग्रजी स्पेलिंग कोणी एका 'पी'ने करतो, कोणी दोन. कन्नड लिपीतील रूपे आणखी वेगळी. पोस्टमन या सर्वांतून वाट काढतो. संगणकाला मात्र ती युक्ती सहज साधत नाही.

शोधयंत्र मुळात अक्षरे जुळवते. मोठी शोधयंत्रे आता काही नावांचे नाते ओळखू लागली आहेत, हे खरे. परंतु ग्रंथालयांच्या सूची व जुन्या पुस्तकांचे संग्रह यांत बहुधा जे लिहावे तेच सापडते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ सालचा एकविसावा खंड आपल्याच जिल्ह्याचा; पण तो नोंदला आहे जुन्या इंग्रजी नावाखाली. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीस तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले. त्याविषयी मराठीत 'तंबाखू' शोधावे लागेल, इंग्रजीत 'टोबॅको' आणि कन्नडात 'होगेसोप्पु'. जमिनीच्या ज्या उताऱ्याला महाराष्ट्रात 'सातबारा' म्हणतात, त्याला कर्नाटकात 'पहणी' किंवा 'आरटीसी' म्हणतात. बाहेरगावी वाढलेल्या मुलाने एकाच नावाने शोध घेतला, तर आपल्या गावाचा मोठा भाग त्याच्या दृष्टीआडच राहील आणि 'काही मिळाले नाही' असे म्हणून तो संगणक मिटून ठेवील.

दर वेळी चारही नावे लिहिण्याचा कंटाळा कोणासही येईल. म्हणून हे काम एकदाच करून ते एका कळीस बांधून ठेवावे, असे आम्ही सुचवितो. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ब्राउझरमध्येच आहे. कोणत्याही संकेतस्थळावर एखादा शब्द शोधला, की तो बहुधा वरच्या पत्त्याच्या ओळीत उमटतो. तो पत्ता उतरून घ्यावा व त्यातील शब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्यास लागून इंग्रजी लहान 'एस' लिहावा. हा झाला साचा. क्रोमच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांच्या विभागात तो जतन करून त्यास एखादे आखूड अक्षर द्यावे. पुढे पत्त्याच्या ओळीत ते अक्षर लिहून टॅबची कळ दाबली व हवा तो शब्द लिहिला, की थेट त्या संकेतस्थळावरील उत्तर समोर येते. फायरफॉक्समध्येही अशी सोय आहे.

खरी गंमत पुढेच आहे. गूगलच्या साच्यात गावाची चारही नावे आधीच लिहून ठेवता येतात. प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत घालावे, दोन नावांमध्ये 'किंवा' या अर्थाचा इंग्रजी 'ऑर' मोठ्या अक्षरांत लिहावा आणि शेवटी शब्दाची मोकळी जागा ठेवावी. मग बेळगावसाठी एक अक्षर, निपाणीसाठी दुसरे. आपण लिहावयाचा तो केवळ विषय.

दुसरा मार्ग छोट्या आज्ञावलीचा, म्हणजे स्क्रिप्टचा. विंडोजवर चालणारे 'ऑटोहॉटकी' हे विनामूल्य साधन ख्रिस मॅलेट यांनी २००३ साली आणले. साध्या मजकुराच्या फाइलीत कोणत्या कळा दाबल्या म्हणजे काय घडावे, हे लिहावयाचे, इतकेच. वाचताना अडलेला शब्द निवडून त्या कळा दाबल्या, की आज्ञावली तो उचलते आणि हवी ती पाने एकामागून एक उघडते. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश व दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. मराठी विश्वकोशही संगणकावर वाचता येतो. कन्नड शब्दासाठी व्ही. कृष्ण यांचा 'अलर' हा कन्नड-इंग्रजी कोश आहे. शाळेत कन्नड व घरी मराठी असलेल्या मुलास हे सारे ग्रंथ एका कळीवर मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे.

कन्नड अक्षरे लिहिण्याची धास्ती नसावी. भारतीय भाषांसाठी ठरविलेल्या 'इनस्क्रिप्ट' कळफलकात ध्वनी एक तर कळही एक, असा नियम आहे. देवनागरी 'क' जेथे, कन्नड 'क'ही तेथेच. आपला 'ळ'देखील दोहोंकडे एकाच जागी बसतो. लिपी माहीत असली, म्हणजे एका भाषेसाठी वळलेली बोटे दुसरीसाठीही चालतात. विंडोजची कळ व स्पेस एकत्र दाबली, की कळफलक बदलतो.

थोडी सावधगिरी मात्र हवी. अनोळखी माणसाने दिलेली आज्ञावली न वाचता चालवू नये, कारण कळांवर ताबा देणारे साधन आपण काय लिहितो तेही टिपू शकते. बँकेचे परवलीचे शब्द अशा फाइलीत कधीही लिहू नयेत. वाचनालयातील किंवा कार्यालयातील संगणकावर परवानगीवाचून असे काही बसवू नये.

या कामात घरातील थोरांचा वाटा मोठा आहे, असे आम्हांस वाटते. कळा जोडणे नातवास तासाभरात जमेल. पण कोणती नावे जोडावयाची, हे त्यास कोण सांगणार? पेठेचे जुने नाव, आडनावाची कन्नड दप्तरातील जोडणी, खरेदीखतातील शब्द, हे आजोबांनाच ठाऊक असते. तेव्हा आधी एका कागदावर आपल्या गावाची, घराण्याची व शेताची जितकी नावे आठवतात तितकी तिन्ही भाषांत लिहून काढावीत. तो कागद हाती असला, म्हणजे कळ बसविण्याचे काम सोपे आहे.