लांब फेकते, पण किती तास?

होटगीच्या शिवारात शेतीची वीज रात्रपाळीला आली की उसाला दारं धरायला रात्रीच उतरावं लागतं. सरीत घोणस असू शकते, म्हणून हातात बॅटरी हवीच. दुकानदाराचं एकच पालुपद: "लांब फेकते बघा." मी विचारतो, किती तास?

हिशेब अवघड नाही. आत बहुधा 18650 आकाराचा सेल असतो. 3.7 व्होल्ट आणि 2600 मिलिअँपिअर-तास, म्हणजे साधारण साडेनऊ वॉट-तास. चांगला एलईडी एका वॉटमागे शंभरेक ल्युमेन देतो. हजार ल्युमेनवर सेल तासाभरात बसतो, शंभरावर नऊ तास चालतो. शिवाय झोत दुप्पट लांब न्यायचा तर उजेड चौपट लागतो. हौस महाग पडते ती इथे.

खोक्यावरच्या तासांतही मेख आहे. एफएल-1 या अमेरिकी मानकानुसार उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ मोजतात. शेवटचे तास मिणमिणते असले तरी हिशेबात धरले जातात. आणि 18650 सेलवर 9900 छापलेलं दिसलं तर सरळ खोटं समजा. या आकाराचा चांगला सेलही चार हजारांच्या आसपासच थांबतो.

पाय कुठे पडतो हे बघायला पन्नास-शंभर ल्युमेन पुष्कळ झाले. मोठा झोत बांधापलीकडे खसफसलं तरच, तोही घटकाभर. म्हणून घेताना मंद टप्पा आहे का, हे दुकानातच बटण दाबून बघा.